राखणीचा सदरा

मालदांडी ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की आबा बांधावर बुजगावणं उभं करायचे. दोन काठ्या, उपडं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे आणि आबांचाच विटका सदरा. मांजरसुंब्याकडच्या आमच्या हलक्या रानात पाखरं चार दिवस फसायची. पाचव्या दिवशी मडक्यावरच चोच घासायची.

आई मात्र एकदा पुरती फसली. दिवेलागणीला ती भाकर घेऊन आली. "आवं, हात धुवा." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. सकाळच्या बोलाचालीचा राग धरलाय असं समजून तिनं फडकं तसंच माघारी नेलं. आबा तिकडं विहिरीवर. रात्री उपाशी घरी आले आणि भांडण पेटलं ते चुलीपुढं.

पुढं पुण्यात जावा लिहू लागलो, तेव्हा चाचण्यांसाठीचं मॉकिटो भेटलं. चाचणीत खरा डेटाबेस नको असतो. त्याच्या जागी मॉक उभा करायचा आणि अमुक विचारलं तर तमुक सांग, एवढं पढवून ठेवायचं. न पढवलेलं विचारलं तर तो सहसा तक्रार करत नाही. शून्य देतो, रिकामी यादी देतो, नाहीतर नल देऊन गप्प.

2020 च्या टाळेबंदीत गावी लिंबाखाली बसून मी अशीच एक चाचणी दुरुस्त करत होतो. नल पॉइंटर एक्सेप्शन, ओळ 84. अर्धा दिवस ती ओळच उलटीपालटी करत बसलो.

"काय अडलंय?" आबांनी विचारलं.

"खोटा माणूस उभा केलाय, पण बोलंना."

"खोटा कशाला बोलंल?" म्हणत ते मोटर चालू करायला गेले.

शेवटी व्हेरिफाय लावून पाहिलं. अपेक्षित काय, प्रत्यक्षात काय आलं, दोन्ही समोर छापून आलं. ऑर्डर तीच, क्रमांक तोच; पण मी पढवताना एक ऑब्जेक्ट दिलं होतं आणि कोडनं आत दुसरं नवं बनवलं होतं. दोन ऑब्जेक्ट सारखी कधी मानायची हे सांगणारं इक्वल्स वर्गात लिहिलेलंच नव्हतं. मॉकच्या लेखी हा कुणी परकाच. त्यानं ओळ 61 वर नल दिला आणि तो नल मुकाट चालत 84 पर्यंत आला होता.

इक्वल्स लिहिलं, हॅशकोडही. हिरवी पट्टी आली. आईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "सदरा तर त्यांचाच होता की!"

हल्ली बुजगावण्याच्या अंगात माझा कंपनीचा टी-शर्ट असतो.