ज्या दुःखाला सुतक नसते

आपल्याकडे मृत्यूनंतरचे दिवस ठरलेले असतात. दहावा, तेरावा होईपर्यंत माणसे घरच्यांजवळ येऊन बसतात. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीची जिवलग मैत्रीण आत्महत्येने गेली, तर तिला सुतक नसते आणि तिच्याजवळ बसायलाही कोणी येत नाही. तिसऱ्या दिवशी ती शाळेत जाते आणि बाकावरच्या रिकाम्या जागेशेजारी बसते.

बीड जिल्ह्यातील आमच्या गावात हे मी जवळून पाहिले. दसरा उलटला की ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. आईवडील फडात आणि मुले आजीजवळ, अशी घरोघरची स्थिती होते. शेजारच्या दहावीतील मुलीची मैत्रीण अशाच हंगामात गेली. फडावरून आईचा फोन आला, "लई इचार नको करू, अभ्यासाकडं बघ." त्या माउलीजवळ तरी दुसरे काय होते? मुलगी अबोल झाली. तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. पुढे एका दुपारी ती म्हणाली, "काकू, तिचा मेसेज मी दुसऱ्या दिवशी वाचला."

तिच्या मनावरचा सारा भार या एका वाक्यात होता. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते; न वाचलेल्या एका मेसेजमुळे कोणी जात नाही. हे तिला एकदा सांगून भागले नाही, पुनःपुन्हा सांगावे लागले. कधी ती मैत्रिणीवर रागावे, "मला का नाही सांगितलं?" हा रागही शोकाचाच भाग असतो. त्याबद्दल मुलांना अपराधी वाटू देऊ नये.

आपल्या घरी असे मूल असेल, तर गेलेल्या मित्राचे नाव टाळू नका. त्याच्या आठवणी काढू द्या. कसे घडले, याची चर्चा मात्र त्याच्यासमोर नको. "तुझ्याही मनात जीव द्यावासं येतं का?" असे शांतपणे, स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

मैत्रिणीचा वाढदिवस, परीक्षेचा निकाल, पुढचा दसरा, असे दिवस येतील तेव्हा दुःख पुन्हा उसळेल. ते दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी मुलाजवळ कोणीतरी मोठे माणूस असू द्या.