पाणी कुठल्या समुद्राचं

१२ जून, धारवाड
मृगाची धार लागलीय. चौथीचा अख्खा वर्ग खिडकीशी. पन्हाळीचं पाणी बघून एकीनं विचारलं, "बाई, हे जातं कुठं?" शेजारचा म्हणाला, "समुद्रात." मी म्हटलं, "कुठल्या?" बहुतेकांचं मत अरबी, कारण सुट्टीत गोवा बघून आलेले. थोडे बंगालच्या उपसागराकडं वळले, बहुधा नाव भारदस्त म्हणून. प्रत्येकाचा अंदाज नावानिशी कागदावर घेऊन भिंतीला डकवला. आधी लिहून घेतलं नाही तर नंतर सगळेच "मला माहीत होतं" म्हणतात. मोठी माणसंसुद्धा.

१६ जून
भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून नद्यांमागं जाणं. सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळते, बेडती पुढं गंगावळी होऊन अंकोल्याजवळ अरबी समुद्राला. हुबळीच्या पूर्वेचं पाणी मात्र बेण्णीहळ्ळातून मलप्रभेत, कूडलसंगमला कृष्णेत आणि तसंच पार बंगालच्या उपसागरात. हुबळी-धारवाड या एका जुळ्या शहराचे दोन समुद्र! यातलं मी काही सांगितलं नाही. सांगण्याचा मोह आवरणं हेच दिवसभराचं मुख्य काम.

१९ जून
माती. बाटल्या कापून उलट्या टांगल्या, तोंडाला मलमल, रबर लावून घट्ट. एकीत धारवाडच्या पश्चिमेची लाल माती, दुसरीत नवलगुंदहून एकाच्या मामानं आणलेली काळी, वाळून ढेकळं झालेली. दोन्हींत एकेक पेला पाणी. पुस्तकात छापलंय की काळी माती पाणी धरून ठेवते. आमच्या काळ्या मातीतून पाणी लालपेक्षा आधी खाली आलं! "पुस्तक चुकलं," वर्ग खूश. मी म्हटलं, बाटल्या हलवू नका, उद्या परत ओतू.

२० जून
रात्रीत ढेकळं फुगून एकजीव झाली होती. आज ओतलेलं पाणी वरच साचून राहिलं, मधली सुट्टी झाली तरी तसंच. लाल मातीतून मात्र कालच्यासारखंच टिपटिप. काल पाणी भेगांतून निसटलं होतं हे त्यांचं त्यांनीच शोधलं. मग एक मुलगी भिंतीवरच्या कागदापाशी गेली: "बाई, मातीत मुरून राहिलेलं पाणी कुठल्याच समुद्रात जात नाही, त्याचा रकाना कुठाय?" तिसरा रकाना आखला.

२३ जून
शिक्षकखोलीत नेहमीचा सूर: असे आठ तास घालवले तर पोर्शन कधी संपायचा? प्रश्न खोटा नाही. असं शिकवणं आधीही झालंय: मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम १९७२ ला सुरू झाला. तिथं मुलं प्रयोगांतून शिकायची आणि परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती. २००२ मध्ये तो सरकारनं बंद केला. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात 'सृजन आनंद' काढलं, पण ती शाळाच त्यांची होती. आपल्याला वेळापत्रकाच्या फटीतच जागा शोधायची. मी व्याकरणाचा एक तास मुलांच्या प्रयोगांच्या वहीला जोडून टाकला: प्रयोगाचं वर्णन भूतकाळात, अंदाज भविष्यकाळात. मुख्याध्यापिकाबाई हसल्या, पण चालू द्या म्हणाल्या. एका आईची तक्रार की वहीत उत्तर उतरवून दिलेलं नाही. त्यांना बाटल्या दाखवल्या. पटलं असं वाटलं नाही.

२७ जून
शाळेच्या पन्हाळीचा माग रस्त्याकडेच्या गटारापर्यंत लागला. पुढं ते फरशीखाली गडप होतं. म्हणून महापालिकेच्या इंजिनियरांना पत्र. कन्नडच्या टीचर मजकूर तपासून देणार आहेत. आतापर्यंतचे प्रश्न: हे गटार पुढं कुठल्या नाल्याला मिळतं? नकाशा बघायला मिळेल का? आणि सौंदत्तीच्या धरणातून मलप्रभेचं पाणी पंपानं आमच्या नळाला येतं, ते मोरीत ओतल्यावर शाल्मलेकडं गेलं, तर त्याचा समुद्र बदलला म्हणायचा का? हा शेवटचा प्रश्न पत्रात ठेवावा की नाही यावरून दोन तट पडलेत. सोमवारी मतदान.