पन्नाशीतला शिष्य

माझे मास्तर कोल्हापुरात वारलेल्या माणसांची चित्रं करून पोट भरत. लोक पासपोर्ट साइजचा फोटो घेऊन यायचे, कधी लग्नाच्या ग्रुप फोटोतलं नखाएवढं डोकं दाखवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, जरा कोट घाला, फेटा चढवा." मास्तर कोट घालत, फेटाही चढवत. नाक सरळ करून मागितलं की मात्र भडकत. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात हुबेहूब काढणाऱ्याला कामाचा तोटा नव्हता. पैसे वसूल करताना चपला झिजायच्या, एवढंच.

फी त्यांनी माझ्याकडून कधी घेतली नाही. उलट रंगांच्या दुकानातल्या वहीत माझ्या ट्यूब त्यांच्या खात्यावर मांडल्या जायच्या. त्यात पांढरा सगळ्यात जास्त, कारण मी तो अंगावर उधळल्यासारखा वापरायचो. ते गेल्यावर दुकानदाराकडूनच मला हे समजलं. तोवर मी समजत होतो, दुकानदार भला माणूस आहे.

त्यांचं याहून मोठं देणं माझ्याकडे आहे, ते एका हसणाऱ्या बाईचं. रद्दीतून आणलेल्या पुस्तकांतली दोन छापील पानं त्यांनी एका पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवली होती. दोन्हींवर बाई तीच. डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात पांढरी कॉलर, हातात बिअरचा झाकणाचा मग, खांद्यावर घुबड, आणि तोंड फाकून हसणं. एक चित्र सतराव्या शतकातल्या डच चित्रकार फ्रान्स हाल्सचं, साधारण 1633 ते 35 च्या सुमाराचं. दुसरं फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेचं, 1869 सालचं.

बाई खरीखुरी होती. हार्लेमची 'मल्ले बाब्बे', म्हणजे वेडी बाब्बे. तिथल्या सुधारगृहात तिला ठेवलेलं होतं. हाल्सचा पीटर नावाचा मुलगाही त्याच संस्थेत होता. हे मी पुढे वाचलं, आणि मग तिच्या हसण्याकडे नुसती गंमत म्हणून बघवेना.

कूर्बेची गोष्ट मास्तर रंगवून सांगायचे. 1869 साली म्युनिकला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. कूर्बेची चित्रं तिथे होती आणि बव्हेरियाच्या राजानं त्याला मानाचं पदक दिलं. याच माणसानं 1855 साली पॅरिसमध्ये सरकारी प्रदर्शनाच्या नाकावर टिच्चून स्वतःचा 'रिअ‍ॅलिझम'चा मांडव उभारला होता. वय पन्नास. आता सत्कार घेत फिरायचं. तर हा गडी जुन्या चित्रांच्या दालनात हाल्सच्या बाईसमोर ब्रश घेऊन कॉपी करत बसला! रेम्ब्रांटच्या एका आत्मचित्राचीही त्यानं तेव्हाच नक्कल केली. "पन्नाशीत शिष्य झाला," मास्तर म्हणायचे, आणि माझ्याकडे असे बघायचे की माझ्या विशीची मला लाज वाटावी.

मला त्यांनी त्या पुठ्ठ्यावरून कॉपी करायला बसवलं. आधी स्वतःच्या तळव्यानं दोन्ही चेहरे झाकले. "कॉलर बघ लेका. चेहरा मागनं." हाल्सची कॉलर म्हणजे ओल्या रंगात ओला रंग, चारदोन करडे, पांढरे फटकारे इकडून तिकडे ओढलेले. जवळून बघितलं तर कापड कुठेच नाही. कूर्बेनं तोच पांढरा दाबून, थर देत बसवलाय. त्याची कॉलर उचलून बघितली तर वजन लागेल.

चेहऱ्यावरचा हात काढल्यावरही तेच दिसलं. हाल्सची बाई कुणीतरी हाक मारली म्हणून वळलीय, आणि पुढच्या क्षणी दुसरीकडे बघेल. कूर्बेची बाई हसून झाल्यावरही तिथेच बसलेली असणार. दगड फोडणारे मजूर आणि आपल्या ओर्नां गावातली मयत भल्या थोरल्या कॅनव्हासवर रंगवणाऱ्या माणसाला बाब्बे अशीच दिसणार, हे मास्तरांचं म्हणणं. "त्यानं हाल्सला विचारलं नाही, बाईला विचारलं," असं ते म्हणत. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पुढे ऊसतोड करणाऱ्या एका म्हातारीचं पोर्ट्रेट करताना तिचं हसू काही केल्या धरता येईना. तेव्हा ते सोडलं आणि ती फडाच्या बांधावर बसते कशी, तेवढंच बघत राहिलो. माझ्या हातून झालेलं ते बहुधा सर्वांत बरं काम.

खरी चित्रं बघायला मिळाली ती खूप नंतर. हाल्सची बाब्बे बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत असते, कूर्बेची हांबुर्गच्या कुन्स्थालेत. दोन्ही एकाच प्रवासात पाहिली. छापील पानांवरचा तपकिरी धूर गायब होता. कूर्बेच्या बाईच्या चेहऱ्यातला जाडसर रंग बघून पुठ्ठ्यावरचा मास्तरांचा तळवा आठवला.

एका बाबतीत मात्र आमचं अजून जुळत नाही. मास्तरांच्या मते घुबड कूर्बेचंच खरं. "शिकारी माणूस तो. पाखरू हातात धरलेलं असणार त्यानं." मी दोन्ही घुबडांसमोर बराच वेळ उभा राहिलो. हाल्सचं घुबड थोडक्या फटकाऱ्यांचं आहे, पण ते आत्ता मान वळवेल. कूर्बेचं मला पेंढा भरल्यासारखं वाटलं. मास्तर, राग मानू नका, पण ते तुम्ही छापील पानावरून बोलत होता.