राजूरचे रंग

जालन्याहून भोकरदनकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर राजूर लागते. महाराष्ट्रात गणेशाची साडेतीन पीठे मानली जातात. त्यांतील हे एक पूर्ण पीठ. एका मंगळवारी, अंगारकी चतुर्थीच्या दिवशी, पलीकडच्या गावातील आजारी वृद्धेला पवित्र कम्युनियन देऊन आम्ही परतत होतो. यात्रेच्या गर्दीमुळे गाडी पुढे जाईना. तेव्हा ती रस्त्याकडेला सोडून आम्ही पायीच निघालो. सोबत आमचा अकरा वर्षांचा वेदीसेवक होता.

दुतर्फा दुकाने मांडलेली होती. शेंदराचे आणि गुलालाचे ढीग, हळद, कुंकू, दूर्वांच्या जुड्या, जास्वंदीची टोपलीभर फुले. एका झाडाखाली कासार बसला होता आणि त्याच्यापुढे हिरव्या बांगड्यांच्या माळा लटकत होत्या. मुलाने विचारले, "फादर, इथं सगळंच लाल का?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र लांबचे निघाले. गणपती अथर्वशीर्षात या देवतेचे वर्णन रक्तवर्णी, रक्तवस्त्रे ल्यालेली आणि रक्तचंदनाची उटी लावलेली असे आहे. ज्या मंगळावरून त्या दिवसाला 'अंगारकी' म्हणतात, तो ग्रहही निखाऱ्यासारखा लाल. शेंदराची कथा तर या गावाशीच जोडलेली आहे. गणेशपुराणात असे येते की, वरेण्य राजाच्या घरी गजमुख बालक दिसले. ते रूप पाहून राजाने त्याला रानात टाकून दिले व पराशर ऋषींनी त्याला वाढविले. पुढे त्यानेच सिंदुरासुराचा वध केला आणि त्याचे रक्त अंगाला माखले. पश्चात्ताप पावलेल्या राजाला मग त्याने उपदेश केला. तीच गणेशगीता. त्या राजाचे 'राजसदन' म्हणजेच हे राजूर, अशी इथल्या भाविकांची श्रद्धा आहे.

मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच म्हणाला, "पण तुम्हीसुद्धा गुड फ्रायडेला लाल झगा घालता!"

त्याचे खरेच होते. झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला, पेन्टेकॉस्टला आणि रक्तसाक्षींच्या सणांना आम्ही लाल वस्त्र परिधान करतो. आगमनकाळात व प्रायश्चित्तकाळात जांभळे, नाताळ व पुनरुत्थानकाळात पांढरे, सामान्य काळात हिरवे. पोप तिसरे इनोसंट यांनी पोपपदावर येण्यापूर्वी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, रोमच्या उपासनेतील रंगांचे अर्थ लिहून ठेवले होते. तेव्हापासून हा क्रम फारसा बदललेला नाही. गुड फ्रायडेचा काळा रंग मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेत जाऊन तेथे लाल आला.

दोन्हीकडे लाल म्हणजे रक्तच. पण शेंदूर सांगतो तो शत्रूच्या पाडावाची गोष्ट आणि आमचा लाल झगा सांगतो ती स्वतःचे रक्त देणाऱ्याची. हा भेद आम्ही झाकून ठेवीत नाही. त्या गाभाऱ्यातील पूजा आमची नव्हे. तथापि ज्याला नाकारले त्याच्यापाशीच अखेर पश्चात्तापाने यावे लागते, ही गोष्ट ऐकताना ख्रिस्ती मनाला आपल्या वधस्तंभाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

एवढे बोलून आम्ही पुढे निघालो. परंतु त्या कासारापाशी आमचे पाऊल अडखळले.

पुरोहितदीक्षा होऊन दुसरेच वर्ष होते. मराठवाड्यातील एका खेड्यात लग्न होते. मुलीच्या आजोबांच्या पिढीत त्या घराने बाप्तिस्मा घेतलेला. वधू पांढऱ्या साडीत आली. हातांत मात्र कोपरापर्यंत हिरवा चुडा. सेमिनरीतून आम्ही नुकतेच बाहेर पडलेले, पुस्तके ताजी. ती जुन्या धर्माची खूण आहे असे ठरवून विधीपूर्वी ती उतरविण्यास आम्ही सांगितले. तिची आई पुढे झाली. हळू आवाजात म्हणाली, "फादर, लग्नाच्या दिवशी उतरवायचा म्हंता? आमच्यात चुडा कव्हा उतरवतात, माहीत हाय का?"

आम्हाला ठाऊक होते. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणणाऱ्या या समाजात रिकाम्या हातांचा अर्थ कोणाला ठाऊक नसतो? तरीही आम्ही गप्प राहिलो. तिने एकेक बांगडी जपून काढली, एकही वाढू दिली नाही, आणि सगळ्या पदरात बांधून घेतल्या. आदल्याच रविवारी हिरवा झगा घालून, हिरवा म्हणजे आशेचा व वाढीचा रंग, असे प्रवचन आम्ही त्याच वेदीवरून केले होते.

कुंकवाचेही असेच आहे. हळदीवर लिंबाचा रस आणि टाकणखार यांची प्रक्रिया केली की तीच पिवळी हळद लाल होते. वस्तू तीच, तिच्याशी काय मिसळले यावर तिचा रंग ठरतो. चुड्यात त्या मातेने मुलीचे सौभाग्य पाहिले होते. मूर्तिपूजा पाहिली ती आम्ही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने अन्य धर्मांविषयीचे आपले निवेदन जाहीर केले आणि त्यांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास आपणास शिकविले. ते आम्ही परीक्षेपुरते वाचले होते.

ती माता आता हयात नाही. क्षमा मागणे राहून गेले.

राजूरहून परतल्यानंतरच्या रविवारी सामान्य काळच चालू होता. हिरवा झगा घालून आम्ही ही हकीकत धर्मग्रामाला सांगितली. मिस्सा संपल्यावर एक आजी झग्याचे टोक हातात धरून म्हणाल्या, "चुड्यासारखाच हाय की वो, फादर."

आता आमच्याकडे वधू चुडा भरून आली, तर विवाहविधीपूर्वी तिचे दोन्ही हात पुढे करावयास सांगून आम्ही त्यांवर आशीर्वाद मागतो. प्रिय वाचकहो, तुमच्या घरी हिंदू माहेरची सून येईल, शेजारची कोणी हळदीकुंकवाला बोलावील, तेव्हा नकार वा होकार देण्याआधी त्या रंगामागची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकून घ्या. मग आपल्या रंगांची गोष्ट तिला सांगा.