लोणारचा खार

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं आणि बुलढाणा जिल्ह्याचं नाव घराघरांत पोचलं. लवणासुर दैत्याच्या वधाच्या कथेवर वाढलेल्यांना त्यात त्याचं रक्त दिसलं. शाळेत विज्ञान शिकलेले म्हणाले, रंग बदलला म्हणजे नक्की काहीतरी रासायनिक घडलं. दोघंही रंगापाशीच थांबले.

लोणार म्हटलं की मला हळदीचं बोट आठवतं. काठाच्या चिखलावर पांढरट खार फुललेला असतो. पूर्वी लोक तो गोळा करत. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींना नावंही होती. सरोवराच्या पाण्यात हळदीचं बोट बुडवलं की पिवळा रंग बघता बघता तांबूस होतो. काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापाशी उभं राहून हे पाहावं, म्हणजे हळदीचं कुंकू कसं होतं ते उमगतं. त्यावर लिंबू पिळलं की हळद पुन्हा पिवळी. कोरड्या खारावर लिंबाचा थेंब पडला तर तो फसफसतो. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. रंगाची खूण, वायूची खूण. इथे आम्ल आणि खार खरोखर एकमेकांना भिडलेले असतात.

गुलाबी पाण्याचं कारण निराळं निघालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून क्षार दाटले, तसे हे जीव फोफावले. रंग त्यांच्या देहात होता. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वर नितळ पाणी उरलं. किती साधी परीक्षा! फक्त धीर धरायचा.

या सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. म्हणून खार साचत गेला आणि पाण्याचा सामू दहाच्या आसपास पोचला. धारेच्या झऱ्याचं गोडं पाणी मात्र आत येतच असतं. उद्या गोडं पाणी किंवा सांडपाणी वाढलं, तर खार पातळ होत जाईल आणि त्यावर जगणारे जीव हळूहळू संपतील. तेव्हा ना फेस येईल, ना वास, ना पाणी लाल होईल. २०२० मध्येच लोणारला पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर स्थळाचा मान मिळाला. तो राखायचा तर गुलाबी पाणी पाहायला जमलेल्या गर्दीइतकीच, दर ऋतूत सामू मोजणाऱ्या माणसांचीही आपल्याला गरज आहे.