दक्षिणेची खिडकी

नागपूरच्या उन्हाची आपल्याला सवय आहे. मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला, तेव्हाही आपण कामावर गेलोच. घरातल्या वस्तूंना मात्र ही सवय होत नाही.

मी कारकून माणूस. खिडकीजवळच्या गठ्ठ्यातली वरची फाईल उचलली की खालच्या पुठ्ठ्याचा मूळ रंग दिसतो आणि उजेडात राहिलेली कड पांढुरकी पडलेली असते.

सभेच्या निमित्ताने वस्तीत घरोघरी जाणे होते. बहुतेक घरांत बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांची फळी जास्त उजेडाच्या भिंतीलाच असते. उन्हाळ्यात खिडकीला हिरवी नेट बांधतात, कूलर बंद झाला की नेटही सोडतात. खरी गडबड त्यानंतर आहे. नवतपात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जा पुरतो. डिसेंबरात तो इतका कलतो की छज्जा नसेल, तर जमिनीपासून सहा फुटांवर वरचा काठ असलेल्या खिडकीचे ऊन दुपारी बारालाही सहा फूट आत येते. अंगाला गोड वाटते, म्हणून कोणी पडदा ओढत नाही!

पश्चिमेच्या खिडकीला आडोसा बाहेरूनच हवा. वाळ्याची ताटी, बांबूची चटई, नेट, जे परवडेल ते. काच ओलांडून आलेली उष्णता आतल्या पडद्याने परत जात नाही. रंग वाचवायला मात्र आतला पडदाही चालतो, फक्त जाड हवा. जुन्या सुती चादरीचे अस्तर लावा, खर्च शिलाईचाच.

चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे जपून ठेवले आहेत. अशा कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. बाहेर भर उन्हात तो लाखाच्या घरात असतो. उडालेला रंग परत येत नाही. रोजचे थोडे थोडे खर्ची पडत जाते.

जुने कृष्णधवल फोटो त्या मानाने टिकतात, रंगीत लवकर फिके होतात. माझ्या वडिलांचा रंगीत फोटो एकच आहे, 1986 सालचा. त्याची प्रत काढून भिंतीवर लावली, मूळ फोटो आईच्या लोखंडी पेटीत पांढऱ्या कागदात गुंडाळलेला आहे. भिंतीवरच्या फोटोतला शर्ट आता फिकट निळा झाला, पेटीतला अजून गडद आहे, असे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.