अण्णांचा कॅमेरा आणि दोन सेल

"अण्णांना एक कॅमेरा घेऊन दे. डिजिटल," ताई पुण्याहून फोनवर म्हणाली आणि मी उडालोच. अण्णांनी जन्मात फोटो काढला नव्हता. एसटीत तीस वर्षं कंडक्टर; हातात तिकिटांची पेटी आणि पंच, एवढीच काय ती यंत्रसामग्री. पण ताईकडच्या वाढदिवसाला कोणीतरी त्यांच्या हातात कॅमेरा दिला, आणि अर्धा तास तो त्यांनी सोडलाच नाही म्हणे.

ही २००५ सालची गोष्ट. आदल्या वर्षी आई गेली होती आणि अण्णा वाईला एकटेच राहत होते. निझव्याहून मी दर आठवड्याला फोन करायचो. "बरा आहे. तू? ठेव आता, बिल वाढतंय." संपलं संभाषण. बिल माझं, काळजी त्यांना! आई होती तेव्हा सगळं तिच्याकडून कळायचं. आता आम्हा बापलेकांकडे बोलायला विषयच उरला नव्हता. म्हटलं, कॅमेरा तर कॅमेरा.

बजेट ठरवलं ६० रियाल, म्हणजे तेव्हाचे सात हजारांच्या आसपास रुपये. दुकानात गेलो तर पोऱ्याचा पहिला प्रश्न, "कितना मेगापिक्सल चाहिए, साब?" जणू सोनं किती तोळे हवंय! घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ४ बाय ६ इंची फोटोला इंचाला ३०० ठिपके धरले, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. अण्णा काही फोटोंची होर्डिंगं लावणार नव्हते. तीन मेगापिक्सेल खूप झाले.

तरी मन एका चपट्या, चकचकीत कॅमेऱ्यावर गेलं होतं. ऑफिसातल्या मल्याळी मित्राकडे तसाच होता. तो उसना घेतला आणि शुक्रवारी सकाळी सूकमधल्या बकऱ्यांच्या बाजारात गेलो. (तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे; शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ पासून.) ज्यांनी तो बाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, विकणारे आपापली बकरी दोरीला धरून गोल गोल फिरवतात, घेणारे कडेने आणि मधे उभे राहून दात तपासतात, ओरडून भाव करतात. मी बकरीवर नेम धरला, बटण दाबलं. कॅमेऱ्याने जरा विचार केला आणि फोटो काढला तो शेपटीचा. दुसरा, मागच्या शेपटीचा. बटण अर्धं दाबून आधी नेम पक्का करायचा आणि मग पूर्ण दाबायचं, ही युक्ती मित्राने नंतर सांगितली.

तिथून किल्ल्याकडे वळलो. इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकात बांधलेला तो प्रचंड गोल बुरूज समोर, डोक्यावर आपलं निझव्याचं ऊन, आणि मागच्या पडद्यावर माझ्याच चष्म्याचं प्रतिबिंब. काही म्हणता काही दिसेना. चपट्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकीच नव्हती. साठी ओलांडलेला, थरथरत्या हाताचा माणूस हात लांब करून हा पडदा कसा पाहणार? खिडकीला डोळा लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो आणि हात आपोआप स्थिर राहतो. ठरलं, खिडकी हवीच.

शेवटी घेतला कॅनन पॉवरशॉट ए५१०. ३.२ मेगापिक्सेल, ४ पट झूम (काचेचा, खरा, डिजिटल झूम म्हणजे नुसती कात्री), खिडकी आहे, हातात भरतो. सोबत आलेल्या १६ एमबीच्या कार्डात जेमतेम नऊ-दहा फोटो मावत होते, म्हणून २५६ एमबीचं वेगळं घेतलं. आणि माझ्या मते सर्वांत हुशारीची गोष्ट अशी, की तो साध्या दोन पेन्सिल सेलवर चालायचा. चपट्याची बॅटरी संपली की चार्जर शोधा. सेल काय, वाईत कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतात!

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली, रजा जमली. लक्ष्मीपूजनाला कॅमेरा अण्णांच्या हातात दिला. त्यांनी लगेच वही काढली. फोटोचा क्रमांक, तारीख, तपशील. वेबिल लिहायची सवय कुठे जाते!

मी परत आलो आणि फोन पुन्हा दोन वाक्यांवर आला. फोटोंचं विचारलं की "चाललंय" म्हणायचे. जानेवारीत संक्रांतीला ताई वाईला गेली, तेव्हा कॅमेरा कपाटात, पिशवीत गुंडाळलेला सापडला. मी फोन लावला.

"अण्णा, काय झालं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, बिघडलाय तो. सेल घातले की चार फोटो, आणि बंद. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले तर घड्याळ चालतंय. मग खोट कशात? तू एवढे पैसे घातलेस, कसं सांगायचं?"

खोट ना कॅमेऱ्यात होती, ना सेलमध्ये. खोट माझ्या हुशारीत होती. घड्याळाला वीज लागते थेंबथेंब. डिजिटल कॅमेरा मात्र पडदा, भिंग, फ्लॅश या सगळ्यांसाठी एकदम घोट मागतो. वाण्याकडच्या साध्या सेलला तेवढा जोर नसतो. त्याचा दाब खाली येतो आणि कॅमेरा समजतो, संपलं. लागतात ते अल्कलाइन, नाहीतर चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल. दुकानातून माझ्या कॅमेऱ्याबरोबर अल्कलाइनची जोडी आली होती. ती संपल्यावर काय, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर चार सेल आणि चार्जर धाडला.

त्यानंतर बिलाची काळजी जरा मागे पडली. ढोल्या गणपतीच्या घाटावर सकाळी कुठून ऊन येतं, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलं, फ्लॅशने मांजराचे डोळे हिरवे का येतात; कधी वीस मिनिटं, कधी जास्त.

२०१४ साली अण्णा गेले. कॅमेरा आणि वही मी इकडे घेऊन आलो. पहिलं पान तेव्हाच नीट वाचलं. 'सेल २, रु. १६, फोटो ५.' खाली, 'सेल २, रु. १६, फोटो ४.' अशा सात ओळी, नोव्हेंबर ते डिसेंबर. प्रत्येक वेळी वाण्याकडून नवी जोडी आणून पाहिली होती. आठवी ओळ, 'कॅमेरा कपाटात ठेवला. त्याला कळवू नये.'

पान उलटलं की फेब्रुवारी. 'निझव्याहून सेल आले. फोटो १२६. अजून चालू.'